पंचवीस पाउंडर, 1/35: कामाच्या नोंदी

8 जून 2025, रविवार

माळ्यावरचा डबा शेवटी खाली काढला. 1/35 मापाची ब्रिटिश पंचवीस पाउंडर तोफ, प्लास्टिकचे सुटे भाग जोडून करायचं मॉडेल. साचा जुना आहे हे स्प्रू, म्हणजे भाग जिला जोडलेले असतात ती प्लास्टिकची चौकट, हातात घेताच कळतं. कडांना फ्लॅश (साच्याच्या फटीतून आलेलं जादा प्लास्टिक), ढालीच्या मागच्या बाजूला साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनचे चार गोल खड्डे, टायरवरची नक्षी नावापुरती. माप मात्र बरं आहे. खरी तोफ चाकांच्या तुंब्यांपाशी 2.13 मीटर रुंद, म्हणजे इथे 61 मिमी यायला हवेत. भाग न चिकटवता नुसते जुळवून पट्टी लावली, साठ-एकसष्टच्या मध्ये कुठेतरी आलं. चालेल.

विचार असा आहे: इटली, 1944 चा उन्हाळा, तिबेर नदीचं वरचं खोरं. कारण साधं आहे. आमचे थोरले आजोबा, म्हणजे आजोबांचे मोठे भाऊ, 3/5 (पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण) मराठा लाइट इन्फंट्रीत होते, आणि माणगावजवळच्या पळसगावच्या यशवंत घाडगेंना 10 जुलै 1944 च्या ज्या लढाईसाठी मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला ती याच पलटणीची. थोरले आजोबाही तिथेच असणार असं मी धरून चाललोय. घरात कुणी नीट सांगत नाही. आत्या 'किरणची लढाई' म्हणते. लहानपणी मला वाटायचं की किरण नावाच्या कुणाशी तरी भांडण झालं होतं.

15 जून

चाकं आणि ट्रेल झाले. ट्रेल म्हणजे मागची शेपटी. पंचवीस पाउंडरची शेपटी दोन फाट्यांची नाही, एकच पेटीसारखी आहे, आणि मधे उंटासारखी वर वळलेली. तोंड वर केलं की नळीचं बूड खाली येतं, त्याला जागा हवी म्हणून ती मदार. दोन अर्धे भाग चिकटवले की वरून शिवण दिसते. पुट्टी, 400 चा पॉलिश पेपर, मग 800, मग 1200. दीड तास गेला आणि त्या दीड तासाचं दाखवायला काही नाही, म्हणजे काम जमलं.

तामिया कंपनीच्या हिरव्या झाकणाच्या पातळ सिमेंटने, म्हणजे प्लास्टिक वितळवून जोडणाऱ्या गोंदाने, शिवण छान वितळते. पण बोट तिथेच राहिलं तर बोटाचा ठसाही छान उठतो. उजव्या बाजूला उठला. पुन्हा 800.

22 जून

आजचा दिवस चक्रीचा. तोफेच्या पोटाखाली लोखंडी चाकासारखी एक मोठी गोल चक्री टांगलेली असते. तोफ लावायची जागा आली की ती जमिनीवर उतरवायची आणि तोफ ओढून तिच्यावर चढवायची. मग दोन्ही टायर चक्रीच्या कडेवर राहतात आणि मागून शेपटी उचलून ढकलली की सगळी तोफ जागच्या जागी गोल फिरते. चक्रीशिवाय नळी डावीकडे चार अंश, उजवीकडे चार अंश, बस. चक्रीवर पूर्ण 360.

शेजारचे सुभेदारकाका (तोफखान्यातून निवृत्त, शिकले देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीत) चहाला आले होते. त्यांनी ही तोफ स्वतः चालवली आहे. आपल्या सैन्यात ती 1971 च्या लढाईतही होती. त्यांनी पहिल्यांदा माझी भाषा सुधारली. "तोफ तुमच्या पुस्तकात. आम्ही गन म्हणतो." मग म्हणाले, "वाळलेल्या मातीवर एक दणकट गडी शेपटीला लागला तरी फिरायची. चिखलात सगळे लागायचे."

तेव्हा ठरवलं की चक्री आणि तोफ चिकटवायची नाही. मधली खुंटी 1 मिमी पितळी तारेची केली, चक्रीत भोक पाडलं. बोटाने फिरते. उगाच चार वेळा फिरवून बघितली.

29 जून

काम कमी, शोध जास्त. डायल साइट, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, जेमतेम चार मिलिमीटरचा तुकडा, चिमट्यातून उडाला. फरशी हाताने चाचपली, टॉर्च आडवा धरून बघितलं, नाही. दुपारी मावशी झाडून गेल्या. संध्याकाळी सुपलीतल्या कचऱ्यात, तांदळाच्या कण्यांबरोबर सापडला. यापुढे मावशी यायच्या आत टेबलाखाली जुनी चादर अंथरायची.

6 जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी आणि पाऊस. नळी बसवली. टोकाला मझल ब्रेक, दोन बाजूंनी खाचा असलेलं ते डबीसारखं बोंडूक. सुंदर बसलं, एकदम सरळ. फोटो काढून गावाकडे आत्याच्या नातवाला पाठवला आणि म्हटलं, ट्रंकेतल्या तात्यांच्या पदकांचा एक नीट फोटो पाठव. (तात्या म्हणजे आत्याचे चुलते, माझे थोरले आजोबा.)

9 जुलै

फोटो आला आणि सगळं बिनसलं.

पदक आहे सहा टोकांचा तारा. असे तारे त्या युद्धात बरेच निघाले, सगळे दिसायला सारखे, फरक फितीत. इटली स्टारची फीत लाल-पांढरी-हिरवी-पांढरी-लाल. ही तशी नाही. फिकट वाळूचा रंग, मधे रुंद लाल पट्टा, एका अंगाला गडद निळी रेघ, दुसऱ्या अंगाला फिकट निळी. हा आफ्रिका स्टार. इटलीचा ताराच नाही. नातवाने सोबत एक घडी पडून फाटलेला कागदही पाठवला. तात्या जखमी होऊन 1941 च्या दिवाळीआधी घरी परतले होते.

मग आत्याची किरण म्हणजे केरन. पूर्व आफ्रिकेतला इरिट्रिया. साठ-सत्तर वर्षं घरात एक नाव बरोबर सांगितलं जात होतं आणि आम्ही ते मराठी करून ऐकत होतो.

11 जुलै

रात्री उशिरापर्यंत केरनचं वाचत बसलो. अगोरदातहून अस्माराला जाणारा रस्ता आणि रेल्वे डोंगोलास नावाच्या एका चिंचोळ्या खिंडीतून वर चढते. खिंडीच्या दोन्ही अंगांना डोंगर, आणि डोंगरांवर इटालियन. डावीकडे सांचील, उजवीकडे डोलोगोरोडोकचा किल्ला. फेब्रुवारी 1941 च्या सुरुवातीला लढाई लागली ती 27 मार्चला संपली. चौथी आणि पाचवी भारतीय डिव्हिजन. मार्चच्या मोठ्या हल्ल्यात 3/5 मराठांनी फ्लॅट टॉप नावाची टेकडी घेतली आणि 16 मार्चच्या पहाटे वेस्ट यॉर्कशायरच्या पलटणीने किल्ला घेतला.

तोफा खाली, शत्रू वर, आणि मधल्या उतारावर आपलीच माणसं. इथे सपाट मारा करणारी तोफ कुचकामी. ती एक तर आडव्या आलेल्या सोंडेवर गोळा फोडणार, नाही तर माथा ओलांडून पार पलीकडे टाकणार. पंचवीस पाउंडर इथे चालली, कारण ती अर्धी हॉवित्झर, म्हणजे गोळा उंच कमानीत टाकणारी तोफ, आहे. गोळा वेगळा आणि दारूची पितळी कोठी वेगळी. गोळा आधी आत सारायचा, मग कोठी. कोठीत दारूच्या तीन थैल्या, लाल, पांढरी, निळी. तिन्ही ठेवल्या की चार्ज तीन, निळी काढली की दोन, नुसती लाल ठेवली की एक. दारू कमी, तोंड वर, की गोळा उंच चढून माथ्यामागे उभा उतरतो. थैली काढायची की ठेवायची हे डोंगर ठरवायचा.

आता माझी अडचण. मझल ब्रेक आला 1942 पासून. वाळवंटात ही तोफ रणगाड्यांवर वापरायची पाळी आली, 20 पाउंडी भरीव गोळ्यामागे सुपरचार्ज (चार्ज तीनहून मोठा भार) आणि त्याच्याही वर जादा दारू घालायला लागले, आणि तो झटका गाड्याला झेपेना. म्हणून टोकाला ब्रेक. केरन 1941 मधलं. केरनच्या तोफेला ब्रेक नव्हता.

आषाढीला इतकं सरळ बसवलेलं बोंडूक कापायचं आहे.

13 जुलै

कापलं. रेझर सॉ, खाली मास्किंग टेप, श्वास रोखून. काप जरा तिरपा आला तो काचेवर पॉलिश पेपर ठेवून सरळ केला. मग तोंड कोरायचं. खरं तोंड 87.6 मिमीचं, भागिले 35, बरोबर अडीच मिलिमीटर. पिन व्हाइस, म्हणजे हाताने फिरवायचं बारीक ड्रिल, घेऊन आधी 1 मिमी, मग दीड, मग दोन. दोनला कळलं की भोक मध्यावर नाही. समोरून बघितलं तर तोफ तिरळी दिसते.

बुजवलं. मेणबत्तीवर स्प्रू ताणून त्याची कांडी भोकात चिकटवली. उद्या नाही, परवा कोरायचं. सिमेंट पूर्ण सुकू दे.

16 जुलै

या वेळी आधी सुईने मध्य टोचून घेतला. अडीच मिमी, बरोबर मधोमध. काठ इतका पातळ राहिला आहे की नखाची भीती वाटते.

20 जुलै

सुभेदारकाकांना मोठ्या ऐटीत दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, मॉडेल डोळ्याजवळ धरलं, नळीच्या मागच्या टोकाला, ब्रीचच्या (गोळा भरायच्या मागच्या तोंडाच्या) जरा पुढे, बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

"पट्टा आहे काहीतरी."

"पट्टा नाही रे. वजन आहे. तोंडाशी ब्रेक लावला की तोंड जड होतं, म्हणून मागे हे घालतात. तू पुढचं वजन काढलंस आणि मागचं ठेवलंस. ही तर आता आकाशाकडे बघत बसेल."

काट्याचं एक पारडं रिकामं करून दुसरं भरलेलं ठेवलं होतं मी. चार पुस्तकी पानं वाचून जे डोळ्यांत भरलं नाही ते त्यांना दुसऱ्या मिनिटाला दिसलं. ज्याने तोंड वर-खाली करायचं चक्र हाताने फिरवलंय त्याला तोल विचारावा लागत नाही.

आणखी एक पकडलं. माझी नेम धरणाऱ्याची बैठक उजवीकडे चिकटवलेली होती. लेअर, म्हणजे तीन नंबर, डावीकडे बसतो. एकूण सहा जण: एक नंबर सार्जंट, दोन नंबर ब्रीचवर, तीन नेमावर, चार गोळा भरायला, पाच आणि सहा दारूगोळ्यावर. काकांनी आमच्या सोफ्याभोवती एकेकाची जागा उभं राहून दाखवली. चहा निवला.

21 ते 27 जुलै

वजनाचा पट्टा घासून काढला. गोल भाग घासताना सपाट होतो, म्हणून पॉलिश पेपरची बारीक पट्टी करून, बूट पुसतात तशी, पुढे-मागे. बैठक सुरीने उचकटून डावीकडे आणली. उजवीकडे चट्टा राहिला, तो पुट्टीखाली गेला. याहून जास्त लिहिण्यासारखं या आठवड्यात काही नाही. ऑफिसात तिमाही होती.

3 ऑगस्ट

दारूगोळा. हा माझा आवडता भाग. डब्यातले गोळे आणि कोठ्या एकाच ओतीव तुकड्यात आहेत, बंदुकीच्या काडतुसासारखे जोडलेले. या तोफेत असं नसतंच, वर लिहिलंच आहे. सगळे बाद.

बोहरी आळीतून 2.5 मिमीची पितळी नळी आणली. खरी कोठी 292 मिमी लांब, म्हणजे इथे 8.3 मिमी. नळी सुरीखाली गोल फिरवत कापली की कड स्वच्छ येते. बारा तुकडे. बुडाला कड हवी म्हणून पातळ पत्र्याच्या चकत्या पंचने पाडून सुपरग्लूने लावल्या. गोळे मात्र डब्यातलेच, कोठी कापून टाकून. रंग पिवळट, नाकाजवळ लाल वळं. ते वळं ब्रशने काढायच्या भानगडीत पडलो नाही. लाल डिकलची (चिकटवायच्या पातळ छापील पापुद्र्याची) अर्धा मिलिमीटरची पट्टी कापून गुंडाळली.

थैल्या एम-सीलच्या. मोहरीएवढी गोळी, चपटी, सुईने मधे दाबून सुरकुती. तीन कोठ्या उघड्या ठेवल्या, त्यांच्या तोंडातून पांढरी आणि त्याखाली लाल दिसते. निळ्या थैल्या काढून बाजूला रिकाम्या पेटीत टाकल्या आहेत. म्हणजे चार्ज दोन. बघणाऱ्या शंभरातल्या एकालाही हे कळणार नाही. मला कळतं.

तीन निळ्या थैल्यांसाठी माझी चाळीस मिनिटं गेली.

10 ऑगस्ट

प्रायमर, म्हणजे रंगाखालचा अस्तराचा हात, मारला आणि फसला. बाहेर झड लागलेली, खिडकी बंद, मी लॅकर प्रायमरचा कॅन घेऊन उभा. दहा मिनिटांत ढालीवर पांढरट धुकं. दमट हवेत पातळ द्रावण उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि रंगात अडकते. पुण्यात इतकी वर्षं राहून जुलै-ऑगस्टात स्प्रे मारू नये एवढं मला माहीत असायला हवं होतं. माहीत होतंच. घाई नडली.

ढाल धुऊन, घासून, परत पहिल्या पायरीवर. पुढचा हात ऊन पडेल त्या दिवशी.

17 ऑगस्ट

ऊन पडलं. दुपारी बारा ते दोन गच्चीत. प्रायमर बसला. त्यावर एअरब्रशने लाइट स्टोन, फिकट वाळूचा रंग, दोन पातळ हात. पट्ट्यापट्ट्यांची छलावरणं त्या काळी त्या भागात होती, पण मी मोह आवरला. काळ्या-पांढऱ्या फोटोंतून रंग ओळखणं म्हणजे ज्याला जे हवं ते दिसणं.

आता टेबल सोडावं लागणार. 27 ला गणपती, आणि मखर दरवर्षी याच टेबलावर होतं. बायकोने तारीख आधीच दिली होती, तक्रार करायला जागा नाही. मॉडेल शू-बॉक्समध्ये, बॉक्स कपाटावर.

14 सप्टेंबर

अनंत चतुर्दशीला विसर्जन झालं, पण टेबलावरचा गुलाल जायला आठवडा लागला. तरी मदारीच्या खाचेत एक गुलाबी कण सापडलाच. ओल्या कापसाने काढला.

वॉश: तपकिरी तेलरंग, भरपूर पातळ करून, रिव्हेट आणि बिजागऱ्यांभोवती. सुकला की जादा पुसायचा. ढालीच्या कडा आणि ब्रीचच्या दांड्यावर पेन्सिलचं शिसं बोटाने घासलं. हात लागून लागून लोखंड उघडं पडतं तसं दिसतं. पैसे खर्चून आणलेल्या मेटल पावडरीपेक्षा दोन रुपयांची पेन्सिल सरस.

21 सप्टेंबर

बेस. प्लायवूडचा तुकडा, थर्माकोलचे खडक, वर पांढऱ्या गोंदात कालवलेली चहाची वापरलेली, वाळवलेली पूड. पहिल्या वेळी पूड पुरती वाळलेली नव्हती, दोन दिवसांनी बेसला बुरशी आली. ते सगळं खरवडून दुसरी पूड कढईत भाजून घेतली. स्वयंपाकघरातून चहा-मसाल्यासारखा काहीतरी वास आला, आणि प्रश्नही.

धुळीला मुलतानी माती. चिमूटभर गेरू घातला की नुसता पिवळेपणा जाऊन उन्हात भाजलेली जमीन दिसते. टायरना, चक्रीच्या कडेला, शेपटीच्या टोकाला कोरड्या ब्रशने थापायची आणि फुंकर मारायची. थिनरचे थेंब सोडून बसवायची असते, पण मी चक्रीपाशी ती तशीच भुरभुरीत ठेवली. तोफ फिरली तर टायरनी माती ढकललेली दिसली पाहिजे.

5 ऑक्टोबर

माणसं नाहीत. डब्यातल्या गोलंदाजांना लोकरीचे बॅटलड्रेस आहेत. केरनला खाकी अर्धी विजार हवी. सहा जोड्या गुडघे कोरण्याची माझी तयारी नाही, निदान या वर्षी. शिवाय तोफांवर बहुतेक रॉयल आर्टिलरीचे गोरे गडी. तात्या इथे नसणारच. ते वर असणार, उतारावर, गोळे डोक्यावरून जाताना ऐकत. त्यांचं मॉडेल करायचं तर दुसराच डबा लागेल.

तोंड चाळीस अंशांच्या आसपास पक्कं केलं.

लिंबर राहिला. 32 गोळ्यांची ती दोन चाकी पेटी, तिचे दरवाजे उघडे दाखवायचे आहेत. स्प्रूवरच आहे. बघू.

22 ऑक्टोबर, गावी

पाडव्याला बॉक्स मांडीवर घेऊन एसटीने आलो. साताऱ्याच्या पुढे रस्ता असा की प्रत्येक खड्ड्याला डायल साइट आठवत होती. पोचल्यावर उघडून बघितलं, एक कोठी सुटली होती, बाकी शाबूत.

ओटीवरच्या फळीवर ठेवलं. वर भिंतीला तात्यांचा फोटो, फेट्यातला. आत्या चष्मा लावून, काठी टेकत आली.

"एवढीशीच व्हय? तात्या तर म्हनायचं, आवाजानं कानाचं दडं बसायचं."

"छोटी केलीय, आत्या. खरी आपल्या बैलगाडीएवढी."

"आन् मानसं?"

मी सांगितलं, तोफेवर गोरे होते, तात्या वर डोंगरावर होते, तोफ खालून त्यांच्या डोक्यावरून मारायची. ती ऐकत होती की नाही कळेना. फळीकडे बघत होती. नळीचं तोंड चाळीस अंश वर, थेट फोटोकडे.

"मुडद्या, त्येंच्यावरच धरलीस की," म्हणाली, आणि मी काही म्हणायच्या आत एका बोटाने शेपटी उचलून तोफ दाराकडे फिरवली. चक्री सुरेख फिरली, कुठे अडली नाही.

मुलतानी मातीत टायरचे दोन अर्धगोल उठलेत. अगदी हवे तसे. चक्रीचा एक आरा सैल झाला आहे, पुण्यात गेल्यावर सुपरग्लू लावायचा. मझल ब्रेक काडेपेटीत ठेवलाय, पेटीवर लिहिलंय: 1942 नंतर.